९५ लिटरची फळी, ८४ किलोचा गडी: देवबागचं एक प्रकरण

फेब्रुवारीतली सकाळ. कर्लीच्या खाडीत मतलई वारा जेमतेम, पाणी तेल सांडल्यासारखं गुळगुळीत, आणि त्या पाण्यात माझा आत्येभाऊ पाचव्यांदा पालथा झाला होता. पडायला लाट नव्हती, शेजारून होडी गेली नव्हती. गुडघ्यांवर बसायचा, वल्हं आडवं धरायचा, एक पाय उचलून पुढे ठेवायचा आणि दुसरा उचलायच्या आत बोर्ड पायाखालून निसटायचा. काठावर रापणीचं जाळं सुकत घालणारे तात्या बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अरे, फळी पाण्याच्या वर होयी की खाली?"

तात्यांनी थट्टा केली होती. पण सगळं निदान त्या एका वाक्यात होतं, आणि ते माझ्या डोक्यात शिरायला आणखी चार दिवस गेले. ते चार दिवस मी त्याला "सराव कर, जमेल" असंच सांगत राहिलो. म्हणून हे प्रकरण मांडताना निम्मी चूक माझ्या नावावर धरावी.

माझं घर देवबागला, खाडी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. मागच्या दारी कर्ली, पुढच्या दारी अरबी समुद्र. पाहुण्यांना सप, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, शिकवणं हा पोटापाण्याचा भाग, फॉइल हा माझा स्वतःचा नाद. ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सपपेक्षा बराच आखूड बोर्ड असतो. त्याच्या पोटाखाली पाऊण मीटरचा खांब, म्हणजे मास्ट. मास्टच्या तळाला विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा, मागचा छोटा. मास्ट आणि पंख मिळून फॉइल. उभं राहून वल्हं मारायचं, लाटेचा धक्का घ्यायचा. वेग पुरेसा झाला की पंख उचल घेतो, बोर्ड पाणी सोडतो आणि माणूस पाण्याच्या हातभर वरून सरकत जातो. आवाज जवळपास बंद होतो. ते एकदा अनुभवलं की माणूस बिघडतो, एवढंच म्हणेन.

हवेत असताना बोर्डला फारसं काम नसतं. तेव्हा तो पायाखालचा पाट, आणि पाट जितका लहान आणि हलका तितकं वळणं सोपं. २०१६ साली हवाईच्या काय लेनी या सर्फरचे खोल समुद्रातल्या लाटांवरून लांबच लांब उडत जाण्याचे व्हिडिओ जगभर फिरले. तेव्हापासून जो तो उडणारा माणूस बघून बोर्ड निवडतो. त्या व्हिडिओत उडण्याआधीचा वेळ दिसत नाही. शिकणाऱ्याचा शंभरातला नव्वद टक्के वेळ तर तिथेच जातो: उभं राहून लाटेची वाट बघण्यात, वळण्यात, पडून परत चढण्यात.

आता आमचे बंधुराज. वय ४१, कुडाळला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. तीन वर्षं दर रविवारी येऊन हवा भरून फुगवायच्या सपवर खाडी पालथी घातलेली. तो सप साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ३०० लिटरच्या आसपासचा (लिटर म्हणजे बोर्डचं आकारमान, पूर्ण दाबला तर तो किती पाणी बाजूला सारतो ते). त्यावर हा गडी चहाचा थर्मास घेऊन उभा राहायचा. मग फॉइलचं वेड लागलं. मोबाइलवर एक तक्ता मिळाला, जो सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच असतो: नवशिक्याने वजनात ३० ते ४० मिळवून तेवढे लिटर घ्यावेत, मधल्याने १० ते २०, पट्टीच्याने वजनाइतके किंवा त्याहून कमी. तीन वर्षांचा अनुभव आहे म्हणून यांनी स्वतःला मधल्या रांगेत बसवलं. वजन ८४, त्यात ११, झाले ९५. गोव्यात कुणीतरी नेमका ९५ लिटरचा, ५ फूट ८ इंच लांब, २६ इंच रुंद, कार्बनचा सुंदर बोर्ड विकत होता. विकणाऱ्याने "तुमच्या वजनाला अगदी फिट्ट" म्हणून गळ्यात मारला. मला फोन आला तो पैसे देऊन झाल्यावर.

पहिली गफलत इथे आहे. तक्त्यातला 'मधला' म्हणजे ज्याला फॉइलवर उडता येतं पण सफाई नाही असा माणूस. सपवरची तीन वर्षं त्या हिशेबात येत नाहीत. उलट थोडी आडवीच येतात, आणि हे मला त्याचे पाय बघताना कळलं. सपवर आपण हँडलच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, दोन्ही अंगठे पुढे करून उभे राहतो. सपचं हँडल बोर्डच्या मध्याजवळ असतं आणि मध्यावर उभं राहिलं की काम होतं. फॉइलवर एक पाय पुढे, एक मागे लागतो, कारण उचल पुढच्या पंखातून येते आणि तुमचं वजन त्या उचलीच्या माथ्यावर हवं. बंधुराज दर वेळी सवयीने हँडल शोधत होते. त्या बोर्डचं हँडल मास्टच्या बरंच पुढे होतं. तिथे उभं राहिलं की बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात.

ते पायांचं दुखणं आम्ही दोन दिवसांत सुधारलं. बोर्डवर खडूने दोन आडव्या रेघा मारल्या, पुढच्या पायाला एक, मागच्याला एक. पडणं किंचित कमी झालं. मी काठावर बसून पेट्रोलच्या पावतीच्या मागे टिपणं केली: २० प्रयत्न, ३ वेळा दोन्ही पायांवर उभा, सगळ्यात जास्त वेळ ६ सेकंद. म्हणजे दुखणं पायांत होतं, पण सगळं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मला तात्यांचं वाक्य आठवलं आणि आम्ही काजूच्या वखारीत गेलो. तिथे पोती तोलायचा मोठा काटा आहे. बंधुराजांना आधी खाडीत बुचकळून काढलं होतं. ओल्या कपड्यांत, अंगात तरंगणारं जाकीट, डोक्याला हेल्मेट, हातात वल्हं, पोटरीला दोरी, अशा अवतारात काट्यावर चढवलं. वखारीतल्या बायका काम थांबवून हसत होत्या. काटा म्हणाला ८८.४. घरच्या काट्यावरचे सकाळचे, उपाशीपोटीचे ८४ कुठे आणि हे कुठे! मग बोर्ड आणि फॉइल चढवले: १२.६. एकूण १०१ किलो.

आता दुसरी बाजू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, समुद्राचं असेल तर अंदाजे एक किलो पंचवीस ग्रॅम. ९५ लिटरचा बोर्ड पूर्ण दाबला तर ९७.४ किलो पेलतो. फॉइल स्वतः पाण्यात बुडालेला असतो, त्याची उचल म्हणून दोनेक किलो धरा. झाले साडेनव्व्याण्णव. पेलायचे १०१. म्हणजे फळी खालीच होती. माणूस उभा राहिला की बोर्डचा वरचा पत्रा पाण्याखाली जात होता, घोटे बुडत होते, आणि आम्ही त्याला तोल शिकवत होतो.

आता हे 'थोडं बुडणं' इतकं महाग का पडतं, त्यावर जरा थांबतो, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. बोर्ड एका बाजूला कलला की त्या बाजूची कड आणखी खोल जाते, तिथे जास्त पाणी बाजूला सारलं जातं, आणि ते पाणी कडेला परत वर ढकलतं. होडी सरळ होते ती अशी. पण त्यासाठी कड पाण्याच्या वर असायला हवी, म्हणजे खोल जायला तिच्याकडे जागा हवी. अख्खा बोर्डच पाण्याखाली असेल तर कलल्यावर कुठल्याच कडेला नवीन पाणी सारलं जात नाही. परत ढकलणारं कुणी नाही. त्यामुळे ९५ चा बोर्ड ११० च्या बोर्डपेक्षा थोडा जास्त डुगडुगतो असा प्रकार नसतो. एका रेषेपर्यंत बोर्ड तुम्हाला सावरतो, त्या रेषेच्या पलीकडे सगळं तुमच्या गुडघ्यांवर. उडता येणारा माणूस अशा बुडत्या बोर्डवर तीन-चार सेकंद काढतो आणि लाटेवर निघून जातो, त्याला तेवढं पुरतं. आमच्या बंधुराजांना लाटेची वाट बघत पाच-पाच मिनिटं उभं राहायचं होतं.

रुंदीची गोष्ट वेगळी. तरंगणाऱ्या वस्तूची आडवी स्थिरता रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी तेवढीच ठेवून २६ इंचांचे ३१ केले तर स्थिरता १९ टक्क्यांनी नाही, जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढते. लिटर मात्र तुलनेने थोडेच वाढतात. म्हणून नुसते लिटर विचारून बोर्ड घेणं म्हणजे घर घेताना नुसते चौरस फूट विचारणं.

वखारीतून परत येताना गाडीत त्याची मुलगी होती. बारावीतली, पोहण्यात तरबेज, वजन ५४. ती मागून म्हणाली, "काका, मग मी उभी राहिले तर?" मी तोंडी हिशेब केला: ५४, ओले कपडे आणि सामान ४, बोर्ड-फॉइल साडेबारा. सत्तर-एकाहत्तर. उचल साडेनव्व्याण्णव. हातात २९ किलो शिल्लक. संध्याकाळी ती तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली आणि खाडीत वळून परत आली. बाप काठावर ओल्या टॉवेलात बसून होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता की अपमान, ते मला ठरवता आलं नाही.

तर ती फळी तिची झाली. प्रश्न उरला बापाचा.

पडवीत माझा एक जुना धोंडा आहे. ६ फूट १० इंच, ३१ इंच रुंद, १४० लिटर, जागोजागी इपॉक्सीची ठिगळं. फॉइल तोच लावला. हिशेबाने शिल्लक ४२ किलो. सकाळी खाडीत बंधुराज पहिल्याच झटक्यात उभे राहिले आणि शीळ घालायला लागले. मला वाटलं प्रकरण मिटलं. हाच घ्या म्हणून सांगणारही होतो.

बरं झालं सांगितलं नाही. कारण दुपारी संगमावर, कर्ली समुद्राला मिळते तिथे, गेलो. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे सकाळ मतलईची आणि दुपार खाऱ्या वाऱ्याची. एक-दोन वाजले की वायव्येकडून वारा धरतो आणि चारपर्यंत पाण्यावर आखूड, कटकटी लाटा उठतात. त्यात ओहोटी लागली असेल तर कर्लीचं पाणी वाऱ्याच्या तोंडावर बाहेर धावतं आणि त्या लाटा आणखी उभ्या होतात. अशा वेळी संगमाच्या तोंडाशी नवशिक्याने जाऊच नये, बोर्ड कितीही मोठा असो. ओहोटी सरळ समुद्रात नेते. आम्ही भरती धरूनच जात होतो, तरी पाणी चांगलंच हललेलं होतं.

त्या पाण्यात १४० वर तो उभा राहत होता. पण सरळ जाईना. ३१ इंच रुंद बोर्डवर वल्हं मारायचं तर हात बाहेर टाकावा लागतो, वल्हं मधल्या रेषेपासून लांब पडतं, आणि प्रत्येक फटक्याला नाक उलट्या बाजूला वळतं. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, असा नागमोडी प्रवास. वेग जमायच्या आत लाट पुढे निघून जायची. वारा त्या रुंद नाकाखाली शिरून त्याला मागे सारायचा तो वेगळाच.

वेगाचाही एक हिशेब आहे. शंभर किलोचा ऐवज २००० चौरस सेंटिमीटरच्या पंखाने उचलायचा तर ताशी ११-१२ किलोमीटर वेग लागतो. पंख १५०० चा घेतला तर हाच आकडा १५ टक्क्यांनी वर जातो. आणि आखूड बोर्ड नुसत्या वल्ह्याने किती पळतो? पाण्यात बसलेल्या बोर्डला त्याची लांबी एक मर्यादा घालते. पावणेसात फुटांना ती ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास येते. त्याच्या पुढे बोर्डला स्वतःच्याच नाकाने उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि तिथे दम जातो. मधले पाच किलोमीटर लाटेने द्यायचे. दीड मीटर पाण्यातली लाट ताशी १४ किलोमीटरच्या घरात पळते, म्हणजे देणारी सढळ हाताची आहे. फक्त ती येते तेव्हा तुमचं नाक तिच्या दिशेत हवं आणि तुम्ही आधीपासून हलत असायला हवं. १४० वर बंधुराजांचं नेमकं हेच होत नव्हतं. उभं राहण्यासाठी दिलेली रुंदी निघताना आडवी येत होती.

दोन दिवसांनी गोव्याचा एक मित्र त्याचा लांब-अरुंद बोर्ड घेऊन आला. ७ फूट ८ इंच, फक्त २१ इंच रुंद, ११८ लिटर. हे बोर्ड वाऱ्याच्या दिशेने मोकळ्या समुद्रात लांब पल्ला मारायला काढलेले, होडीसारखे पाणी कापत जातात. शिल्लक उचल २२ किलो, कागदावर छान. बंधुराज चढले आणि लोटांगण. परत चढले, परत लोटांगण. मी मोजणं सोडून दिलं. पण एकदा, कसं कोण जाणे, तो उभा राहिला आणि चार फटके बसले. बोर्ड असा सुटला की आम्ही काठावरचे सगळे उठून उभे राहिलो. पाचव्या फटक्याला गेला. "दादा, हा पळतो रे!" पाण्यातूनच ओरडला. मित्र म्हणाला, घे, वर्षभर पडशील, मग कुणाचं ऐकणार नाहीस. खरं होतं. पण याला वर्षातून मिळणार रविवार, तेही ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात आमचा समुद्र बंद. त्या हिशेबाने त्याचं एक वर्ष म्हणजे तीस दिवस, त्यातले निम्मे नुसते पडण्यात घालवायचे का, हा प्रश्न होता. मी नको म्हटलं. माझं हे मत आजही तेच आहे, त्या मित्राचं वेगळं आहे.

त्याच आठवड्यात आम्ही आणखी एक गोष्ट केली, जी खरं तर आधी करायला हवी होती. १४० वर त्याला एका ओळखीच्या होडीमागे दोरीने ओढलं. वल्हं नाही, लाट नाही, फक्त उडणं. होडी हळू चालवली, सहा-सात नॉट, म्हणजे ताशी ११ ते १३ किलोमीटर. पहिल्या फेरीत बोर्ड घोड्यासारखा उधळला, कारण वजन मागे होतं. दुसऱ्या दिवशी तो वीस-पंचवीस मीटर शांतपणे वर राहिला. यामुळे एक शंका मिटली. गडी उडू शकत होता. अडत होतं ते फक्त उभं राहणं आणि निघणं, म्हणजे जिथे बोर्डचा आकार मोजला जातो तेवढंच. तात्या होडीत बसून होते. त्यांना पंखाच्या कडा दाखवल्या तर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "माझा जाळा फाडलस तर बघ हां." तेव्हापासून रापण लागलेली असेल त्या बाजूला फॉइल नाही, हा नियम. पोहणारे असतील तिथेही नाही. कार्बनची ती कड सुरीसारखी असते.

निवड करताना आम्ही ओट्यावर बसून उलटा हिशेब केला. आधी पाणी ठरवलं: दुपारचं, हललेलं, कारण लाट तेव्हाच मिळते. सकाळच्या तेलासारख्या पाण्यासाठी बोर्ड घ्यायचा असता तर १०-१५ किलो शिल्लक पुरली असती. हललेल्या पाण्यात प्रत्येक लहरीबरोबर बोर्ड क्षणभर जास्त दाबला जातो, म्हणून मी २० ते २५ किलो शिल्लक धरली. ती ओल्या, सामानासकटच्या वजनावर. उलट मोजत आलो तर ११६ ते १२१ लिटर. रुंदी ३१ नको, वल्हं लांब पडतं. २६ ला त्याचे घोटे अजून तयार नाहीत. २८-२९. लांबी साडेसहाच्या आत, कारण एक तर संगमावरच्या आखूड लाटांत लांब नाक पुढच्या लाटेत घुसतं, आणि दुसरं कारण घरगुती आहे: त्याच्या गाडीची पुढची सीट पाडली की बरोबर साडेसहा फूट जागा होते. टपावर कार्बनचा बोर्ड बांधून कुडाळ ते देवबाग रस्त्याने आणायचा म्हणजे पोटात गोळा. लोक या कारणाला हसतात. पण जो बोर्ड गाडीत मावत नाही तो दोन महिन्यांत पडवीत पडतो, हे मी माझ्याच पडवीत बघितलंय.

मार्चअखेरीला ६ फूट ४ इंच, २९ इंच, १२० लिटरचा जुनाच पण धडधाकट बोर्ड मिळाला. वजन ७.४. फॉइलसकट आणि माणसासकट १०१ च्या थोडं वर, शिल्लक २४. कारखान्याने छापलेल्या लिटरवर माझा फार विश्वास नसतो, म्हणून पाण्यात घालून बघितलं: तो उभा राहिल्यावर कडा सगळीकडून दोन-तीन बोटं वर होत्या. ही साधी खूण मला आकड्यांपेक्षा जास्त पटते. स्थिर पाण्यात उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला कडा बघू द्या. कड दिसत नसेल तर बोर्ड परत करा.

आणखी एक बारीक गोष्ट केली. बोर्डच्या पोटाखाली मास्ट बसवायच्या खाचेत फॉइल पुढेमागे सरकवता येतो. आधी तो पार मागे होता. त्यामुळे तरंगताना ज्या जागी उभं राहिल्यावर बोर्ड सपाट बसतो ती जागा आणि उडताना जिथे वजन हवं ती जागा यांत वीतभर अंतर पडायचं. बोर्ड पाणी सोडतानाच पाय सरकवायचे, म्हणजे नवशिक्याला संकटच. फॉइल तीन बोटं पुढे घेतला, अंतर निम्म्यावर आलं. मापाचा बोर्ड घेऊनही कुणी उडी खाऊन मागे पडत असेल तर त्याने नवा बोर्ड बघण्याआधी चार स्क्रू सैल करून बघावेत.

पहिलं खरं उड्डाण एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी झालं. वाळूच्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला, छातीभर पाण्यात. त्याहून उथळ पाण्यात जाता येत नाही, मास्ट वाळूला टेकतो आणि माणूस पुढे फेकला जातो. हा पट्टा दर उधाणाला जागा बदलतो, म्हणून वल्हं उभं खुपसून खोली बघत गेलो. दहा-बारा लाटा हुकल्या. मग एका लाटेला नाक बरोबर दिशेत होतं, तीन फटके आधीच बसले होते, आणि बोर्डचा पाण्यावरचा फटफट आवाज एकदम थांबला. पाच-सहा सेकंद. त्याने खाली बघितलं. खाली बघितलं की पडायचंच असतं. वर आला तो नाकातून पाणी काढत, आणि हेल्मेट काढून माझ्याकडे बघत राहिला. काहीच बोलला नाही.

मे महिन्यापर्यंत दहा लाटांना तीन मिळायला लागल्या. १२० ची कुरकूरही सुरू झाली: वर गेल्यावर नाक जड लागतं, वळताना मागे राहतं. बरोबर आहे, लागणारच. ज्या लिटरनी त्याला उभं केलं तेच आता वर ओझं होणार. पुढच्या मोसमात १०५ बघू का, असं विचारत होता. मी म्हटलं, आधी दहातल्या सात मिळू देत. मुलगी मधल्या मधे ९५ वर दोन-दोन लाटा जोडायला लागली आहे. एक संपली की वरच्या वर पाय दाबून दुसरी गाठते. बापाच्या देखत ते करताना ती मुद्दाम हळू वळते.

जूनला बोर्ड पडवीच्या आढ्याला टांगले. परवा गणपती उरकल्यावर फोन आला. "दादा, वजन ८७ झालं."

"कुठल्या काट्यावर?"

"घरच्या."

म्हणजे शिल्लक २४ मधून तीन गेली, निदान. दसऱ्यानंतर पाण्यात उतरायच्या आधी वखारीत ये, म्हटलं, ओल्या कपड्यांत.